दोन लेकरं, एक नदी आणि दिवसाला तीस किलोमीटर

हा आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्यातल्या भागाचा लिखित मजकूर. जे बोललो तेच आहे, फक्त "अं", "म्हणजे" जरा कमी केलेत. प्रवासात रेंज जाते म्हणणाऱ्यांनी आधीच उघडून ठेवा.

मिरजेच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. त्या म्हणतात, "दादा, माझा भाऊ जर्मनीत असतो. आम्हाला दोन मुलं, थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनचा. मोबाईलवर एक जोडपं लेकरांना सायकलला जोडून देशच्या देश पार करताना बघितलं. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना. आम्हाला जमेल का? सासूबाई म्हणतात, डोकं फिरलंय तुमचं."

ताई, थोडक्यात उत्तर सांगतो: जमेल. पण व्हिडिओ बघून आपण जे कारण समजतो, ते खरं कारण नाही. आपल्याला वाटतं ती माणसं लई धाडसी, लई फिट. तसं काही नसतं. ती माणसं एका चांगल्या रस्त्यावर असतात आणि दिवसाला फार थोडं अंतर कापतात. आजचा सगळा भाग या दोन गोष्टींवर आहे.

आपल्याकडे सायकल म्हटलं की विक्रम आठवतात. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार करणारी रॅम शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीत असताना सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. कडक काम, दंडवत! पण कुटुंबाची सहल हा वेगळाच खेळ आहे. तिथं वेग ठरवतो तो तीन वर्षांचा धाकटा. त्याला शू लागली, की ताफा थांबला. त्याला गाय दिसली, की ताफा पुन्हा थांबला.

याच्याशी सगळ्यात जवळचं आपल्याकडे काय आहे सांगू? वारी. साताऱ्याकडच्या मंडळींनी लोणंद-फलटणला माऊलींची पालखी बघितली असेल. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल, पण एकदम नाही. रोजचा मुक्काम ठरलेला, मध्ये विसावा ठरलेला, आणि म्हातारी माणसंसुद्धा पोहोचतात, कारण दिवसाचा हिशोब माणसाच्या पायाला धरून केलेला असतो. सायकलवर लेकरं घेऊन जायचं तर हाच हिशोब. मुक्काम आणि विसावा हे दोन शब्द डोक्यात ठेवा, "रोज किती किलोमीटर मारले" हे विसरा.

आता आकडा. मोठ्या माणसाला सपाट रस्त्यावर दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर जड नाहीत. मागे ट्रेलर जोडला की वेग ताशी बारा-तेरावर येतो. ट्रेलरचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास, आत चौदा-पंधरा किलोचं पोरगं, त्याचं ब्लँकेट, पाण्याची बाटली आणि रस्त्यात गोळा केलेले दगड. म्हणजे तीस किलोंपेक्षा जास्त ओढताय. मी दिवसाला पंचवीस ते पस्तीस धरतो, मध्ये तीस. तीस किलोमीटर म्हणजे पॅडल मारायचे अडीच तास. उरलेला दिवस? बाग, नदीकाठ, जेवण, झोप. आमच्या ऑफिसात कुठल्याही एस्टिमेटला बफर लावतात, इथं तर बफर हेच मुख्य काम आहे. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस अजिबात सायकल नाही. त्या दिवशी पोहायला जायचं.

मग रस्ता कुठला? युरोपात युरोव्हेलो नावाचं सायकल मार्गांचं जाळं आहे. सतरा लांब मार्ग, सगळे मिळून नव्वद हजार किलोमीटरच्या वर. त्यातला सहा नंबरचा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून निघतो आणि रोमानियात काळ्या समुद्राला मिळतो. तो अख्खा करायचा नाही, घाबरू नका. त्यातला डॅन्यूब नदीकाठचा तुकडा घ्यायचा: जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. हौस उरली तर पुढं साठ-पासष्ट किलोमीटरवर स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा. तीन देश झाले, तिन्हीकडे युरो चालतो, आणि नदी सोडायची नाही.

आता इथं जरा थांबू, कारण हा मुद्दा मला स्वतःला लई आवडतो. पासाऊ ते व्हिएन्ना या सव्वातीनशे किलोमीटरमध्ये नदी साधारण दीडशे मीटर खाली उतरते. म्हणजे किलोमीटरला अर्धा मीटरसुद्धा नाही. सायकलवाल्याच्या भाषेत, सपाट. आता आपली कृष्णा घ्या. महाबळेश्वरहून वाई, मग माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, पुढं भिलवडी, औदुंबर, सांगली. कराड ते सांगली उतार वीस मीटरच्या आसपास, रस्त्याचं अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या घरात. किलोमीटरला तीस सेंटिमीटरही नाही! म्हणजे आपली नदी डॅन्यूबपेक्षाही सपाट जमिनीतून जाते. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघणारा कृष्णा कालवा आहे, काठाला मळ्याची वाट आहे, दर चार-पाच किलोमीटरवर गाव, गावात देऊळ, पार, चहा. निसर्गाने आपल्याला काही कमी दिलेलं नाही. कमी आहे ती एकच गोष्ट: जिथं सहा वर्षांच्या पोरीला पुढं सोडून आईने मागून निवांत यावं, असा सलग रस्ता.

आणि तिकडं तो रस्ता आधीपासून होता असं समजू नका. नेदरलँड्सचं उदाहरण ऐका. आज तो सायकलचा देश म्हणून जगाला माहीत आहे. पण १९५० आणि ६० च्या दशकात तिथंही मोटारी वाढल्या, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले. १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली आली. त्याने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता, "मुलांची हत्या थांबवा". त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, मुलांना खेळायला गल्ल्या बंद करून घेतल्या. पुढच्याच वर्षी, १९७३ ला, तेलाचं संकट आलं आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि वेगळे सायकल रस्ते वाढायला लागले. ताई, तुम्ही बघितलेल्या व्हिडिओतल्या निवांत रस्त्यांमागे हे पण आहे.

त्याच भागातली अजून एक गंमत. ही खास माझ्या जातभाईंसाठी, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांसाठी. बेल्जियमच्या लिंबुर्ग भागात कोळशाच्या खाणी होत्या. तिथला खाण इंजिनिअर हुगो बोलेन याने नव्वदच्या दशकात एक कल्पना काढली: मार्गांना नावं देऊ नका, चौकांना नंबर द्या. जिथं दोन सायकल रस्ते मिळतात तिथं एक पाटी, तिच्यावर नंबर, आणि तिथून पुढच्या नंबरांकडे बाण. सकाळी निघताना कागदावर लिहायचं: ४१, ४४, ५२, ६०. संपलं. हा आपला शुद्ध ग्राफ आहे, नोड आणि एज! लेकरांना तर हा खेळच वाटतो. "आई, चव्वेचाळीस आला!" असं ओरडायचं काम थोरलीला द्या. ही पद्धत आज बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या काही भागात दिसते. डॅन्यूबवर तिची गरज पडत नाही, कारण नदीच पाटी आहे.

आता वाहन. तीन वर्षांच्या धाकट्यासाठी दोन चाकांचा बंद ट्रेलर. आत पट्टे, वर जाळी, पावसाला प्लॅस्टिकचा पडदा. दुपारी तो त्यातच झोपतो, हे त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य. सीटवर मागे बसवलेलं मूल झोपलं की मान लुळी पडते. थोरलीसाठी दोन पर्याय. एक म्हणजे तिची स्वतःची छोटी सायकल. दुसरा, तिच्या सायकलचं पुढचं चाक उचलून बापाच्या सायकलला जोडणारी कपलिंग येते ती. मला दुसरा आवडतो. पोरगी दमली की जोडा, रस्ता मोकळा असला की सोडा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला सायकलच्या सीटवर बसवू नका, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. कारण मानेचं आहे. हेल्मेटचं वजन आणि खड्ड्याचा धक्का त्या मानेला पेलत नाही.

हे सगळं इथून विकत घेऊन विमानात टाकायच्या भानगडीत पडू नका. डॅन्यूबच्या या पट्ट्यात सायकली, ट्रेलर, लहान मुलांच्या सायकली भाड्याने मिळतात. काही ठिकाणी पासाऊला घ्या आणि व्हिएन्नाला सोडा, अशीही सोय असते. फक्त ट्रेलरचं आगाऊ सांगून ठेवा.

देश बदलला की नियम बदलतो, हेही लक्षात ठेवा. जर्मनीत आठ वर्षांखालच्या मुलाने वेगळा सायकल रस्ता नसेल तर फुटपाथवरूनच चालवायची, आणि सोबतचं मोठं माणूसही त्याच्याबरोबर फुटपाथवर चालवू शकतं. सीटवर किंवा ट्रेलरमध्ये मूल सात वर्षांचं होईपर्यंतच नेता येतं. म्हणजे तुमच्या थोरलीची सातवी आली की तो पर्याय गेला. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला हेल्मेट सक्तीचं, ट्रेलरमध्ये बसलं असलं तरी. फ्रान्समध्येही बारा वर्षांखाली सक्ती आहे, २०१७ पासून. जर्मनीत सक्ती नाही. आता प्रत्येक सीमेवर कोण आठवत बसणार? सगळ्यांच्या डोक्यावर, सगळीकडे हेल्मेट. आईबापाच्यासुद्धा. बाप घालत नसेल तर पोरगी का घालेल?

दमलो तर काय, हा प्रश्न सासूबाई विचारतीलच. तर रेल्वे. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या साध्या प्रादेशिक गाड्यांत सायकलचं चित्र काढलेला डबा असतो. सायकलचं तिकीट काढायचं आणि सायकल ढकलत आत जायचं. वेगवान गाड्यांना मात्र आगाऊ आरक्षण लागतं आणि सगळ्यांत सायकल घेतही नाहीत. उदाहरणार्थ टुल्न नावाच्या गावी पोरं वैतागली, तर तिथून व्हिएन्ना तासाभराच्या आत. आपल्याकडे पुणे-मिरज मार्ग कृष्णेला किती धरून जातो बघा. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली. पण सायकल न्यायची तर पार्सल ऑफिसात बुक करा, लगेजच्या डब्यात चढवा. दोन सायकली, एक ट्रेलर आणि दोन लेकरं घेऊन हे करून बघा म्हणजे कळेल.

वाटेत काय बघायचं त्याची यादी देत नाही, ती कुठंही मिळते. दोनच जागा सांगतो. श्लोगेनला नदी जवळजवळ उलटी वळते आणि सायकली घेऊन पलीकडे नेणारी छोटी नाव आहे. लेकरांना अख्ख्या सहलीत तीच लक्षात राहील. आणि वाखाऊचं खोरं. द्राक्षाचे मळे, जर्दाळूची झाडं, काठावर छोटी गावं. तासगावकरांनो, द्राक्षं बघून घरची आठवण येईल, पण तिकडची बहुतेक वाईनची. त्याच वाटेवर माउटहाउझेन येतं, नाझींच्या छळछावणीचं स्मारक. सहा वर्षांच्या मुलीला तिथं न्यायचं का, हे आधी ठरवून ठेवा. माझं मत विचाराल तर या वयात नको.

व्हिसा. हे सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून पटकन. शेंगेनचा एकच व्हिसा, अर्ज त्या देशाकडे जिथं सगळ्यात जास्त रात्री काढणार. इथं घोळ होतो. तुम्ही भावाकडे जर्मनीत पाच दिवस आणि सायकलवर ऑस्ट्रियात दहा दिवस असाल, तर अर्ज ऑस्ट्रियाचा, भाऊ जर्मनीत असला तरी. म्हणून आधी रात्री मोजा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वयाच्या मुलांना ४५, सहाच्या खाली फुकट. तुमचे चौघांचे २२५ युरो, वर केंद्राचं सेवाशुल्क. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा. आणि मुलांच्या जन्मदाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय का ते आजच बघा, कारण ते दुरुस्त करायला व्हिसापेक्षा जास्त वेळ जातो. व्हिसाला मुक्कामाच्या तारखा लागतात आणि लेकरं तारखा पाळत नाहीत, यावर उपाय एवढाच की रद्द करता येणारी बुकिंग घ्या आणि दोन जास्तीचे दिवस त्यातच धरा.

खाण्याचं. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे भावाला साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचे असतील तर विसरा, घरचं तूपही राहू दे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. नळाचं पाणी दोन्ही देशांत पिण्यासारखं. आणि रविवारी तिकडं बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळीच ब्रेड, दही, केळी भरून ठेवायची. हा नियम विसरलेल्या आईबापाची रविवार संध्याकाळ फार लांब असते म्हणे.

कधी जायचं? आपल्या शाळांना मे महिना ते जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, ती बरोबर बसते. तिकडं तेव्हा हवा बरी, आणि जूनमध्ये व्हिएन्नाला रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवाळीची सुट्टी नको. दिवस लहान, थंडी, पाऊस. पण जूनमध्येही नदीकडे लक्ष ठेवा. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते अजून घराघरांत सांगतात. पासाऊला तीन नद्या मिळतात. तिथल्या जुन्या नगरपालिकेच्या भिंतीवर शतकानुशतकांच्या पुराच्या खुणा आहेत, आणि जून २०१३ ची खूण बघायला मान वर करावी लागते. पाणी वाढलं की नदीकाठचा सायकल रस्ता सगळ्यात आधी बुडतो. अशा दिवशी मुक्काम हलवायचा नाही, किंवा सरळ रेल्वे.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग: तिकीट काढायच्या आधी घरी चाचणी. सलग तीन दिवस, एक दिवस नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच मजा येते, खरं काय ते तिसऱ्या दिवशी सकाळी कळतं, पोरं पुन्हा हेल्मेट घालायला तयार होतात का ते. जागा मात्र विचार करून निवडा. सांगलीतून हरिपूरपर्यंत पहाटे जा, वारणा-कृष्णेचा संगम बघा, परत या. साताऱ्याची मंडळी असाल तर कासच्या वाटेला लागू नका, यवतेश्वरचा घाट ट्रेलर ओढायला नाही. माहुलीपर्यंत सकाळी लवकर जाऊन या. आणि ऊसतोडीच्या दिवसात, म्हणजे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कारखान्याच्या रस्त्यांवर लेकरांना नेऊच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे धड रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर. त्याच्या शेजारून लहान मूल नेण्यात कसलीही बहादुरी नाही. त्यापेक्षा कॉलनीच्या मैदानावर चकरा मारा, रोज दीड तास. अंतर होतं तेवढंच.

तीन दिवसांनी थोरलीला विचारा, अजून जायचं का. ती "हो" म्हणाली तर व्हिसाच्या कामाला लागा. "नाही" म्हणाली तर भावाकडे जा, कोन्स्टान्स सरोवराच्या काठी एक घर घ्या, रोज दहा-पंधरा किलोमीटर फिरा आणि त्याच पलंगावर येऊन झोपा. त्या सरोवराला जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड तिन्हीचा काठ आहे, बोटी सायकली घेतात. देश तेवढेच होतील, सामान रोज बांधावं लागणार नाही.

ताई, सासूबाईंना हा भाग ऐकवा आणि त्या काय म्हणाल्या ते पुढच्या व्हॉइस मेसेजमध्ये नक्की सांगा. बाकी मंडळींपैकी कुणी कराड-सांगली पट्ट्यात कालव्याच्या वाटेने सायकल चालवली असेल, तर कुठून कुठपर्यंत वाट सलग जाते तेवढं कळवा. पुढच्या भागात तेवढंच घेऊ, नकाशासकट.